मिरचीची एक गाडी आणि माहितीचे ढीग

गुंटूरहून लाल मिरचीची पोती घेऊन ट्रक वाशीच्या मसाला मार्केटकडे निघतो, तेव्हा मिरचीच्या आधी तिची माहिती येऊन पोहोचलेली असते. विकणाऱ्याची उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ई-इन्व्हॉइस काढावा लागतो आणि त्याला ६४ अक्षर-अंकांचा एक क्रमांक मिळतो. माल ५० हजारांहून जास्त किमतीचा, म्हणून १२ अंकी ई-वे बिल. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. वाटेतल्या प्रत्येक टोलनाक्यावर फास्टॅगची नोंद होते. ट्रकला जीपीएस असेल तर त्याचा ठावठिकाणा घडीघडीला कुठेतरी लिहिला जातो. मग मार्केटच्या गेटवरची आवक नोंद, वजनकाट्याची पावती, गाळ्यावर पोतं फोडून काढलेले मिरचीचे फोटो, ते फोटो ज्या ज्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेले ते ग्रुप, गाळ्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण, पैसे जमा झाल्याचा बँकेचा मेसेज, टॅलीतली नोंद, आणि पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर तयार होणारं २बी विवरण. माल एक, व्यवहार एक आणि नोंदी मात्र दहा-बारा ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी वेगळ्या रूपात. व्यापाऱ्याला यातून हवं असतं ते फार थोडं: माल पुरेसा आला का, पैसे आले का, कर बरोबर भरला गेला का, आणि पुढची गाडी कोणत्या भावाने मागवावी. या चार उत्तरांसाठी किती माहिती लागते आणि आपण किती साठवतो, यातलं अंतर दर वर्षी वाढतं आहे. क्लाउडने साठवणुकीचा प्रश्न सोडवला, निवडीचा सोडवलेला नाही. उलट साठवणूक इतकी सोपी झाली की निवड करायची असते हेच व्यवसाय विसरत चालले आहेत, आणि त्याचा खर्च आता दिसू लागला आहे.

या विषयावर लिहायला वाशीसारखं दुसरं गाव नाही. मशीद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट इथल्या दाटीतून घाऊक बाजार १९८० आणि १९९०च्या दशकांत खाडीपलीकडे आले आणि कांदा-बटाटा, मसाला, धान्य, फळं, भाजीपाला अशी पाच मार्केटं इथे उभी राहिली. १९९२ साली मानखुर्दहून खाडी ओलांडून लोकल वाशीला आली. त्याच वाशी स्टेशनाच्या इन्फोटेक पार्कमध्ये सिफी कंपनीने २००० साली आपलं डेटा सेंटर सुरू केलं. देशातल्या अगदी पहिल्या व्यावसायिक डेटा सेंटरांपैकी ते एक. पुढे ही केंद्रं ठाणे-बेलापूर पट्ट्यात पसरत गेली. एमआयडीसीने ज्या जमिनी रसायनांच्या आणि औषधांच्या कारखान्यांसाठी दिल्या होत्या, त्यांच्या शेजारी रबाळे, महापे, ऐरोली इथे खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या. पनवेलला योट्टा आली. कारणं सरळ आहेत. समुद्राखालून जगाशी जोडणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, बँका आणि विमा कंपन्या मुंबईत आहेत, आणि एवढी जमीन व एवढी वीज मुंबई बेटावर मिळणं कठीण. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई, अॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबई आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबई अशी आपापली क्लाउड केंद्रं सुरू केली. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पैसे देण्याघेण्याच्या व्यवहारांची माहिती भारतातच ठेवण्याचा आदेश काढला आणि या पट्ट्याला आणखी जोर आला.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतला, भाड्याने घेतलेला संगणक. आत गेलं तर कपाटांच्या रांगा दिसतात. एका बाजूच्या बोळातून थंड हवा कपाटांत शिरते, दुसऱ्या बाजूच्या बोळात गरम होऊन बाहेर पडते. वीज गेली तर पहिली काही सेकंद-मिनिटं बॅटऱ्या भार उचलतात, तेवढ्यात डिझेलचे जनरेटर सुरू होतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. अशाच एखाद्या सकाळसाठी हा सगळा खटाटोप केलेला असतो. छोट्या व्यवसायाला हे स्वतः उभारणं शक्य नाही, म्हणून तो भाडं देतो. भाडं तीन गोष्टींचं असतं: संगणकाने केलेल्या कामाचं, माहितीने व्यापलेल्या जागेचं, आणि माहिती बाहेर काढण्याचं. पहिली दोन माणसाच्या लक्षात येतात. तिसरी बिल आल्यावर कळते. क्वचित लागणारी माहिती अगदी स्वस्त कप्प्यात टाकता येते, पण अॅमेझॉनच्या सर्वांत स्वस्त कप्प्यातली फाइल नेहमीच्या पद्धतीने परत मिळवायला १२ तासांपर्यंत थांबावं लागतं. कंपनी सोडून सगळी माहिती दुसरीकडे न्यायची तर तिचे वेगळे पैसे पडत असत. २०२४ साली आधी गूगलने आणि मग अॅमेझॉनने कायमचं सोडून जाणाऱ्या ग्राहकांसाठी हे पैसे माफ केले, तेही युरोपातल्या कायद्याचा रेटा आल्यावर. रोजच्या वापरात माहिती बाहेर काढण्याचं भाडं अजून आहेच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. साठवणुकीची किंमत वर्षानुवर्षं घसरतेच आहे, मग टाकायचं कशाला? राहू दे पडून. याचं उत्तर गेल्या वर्षी दक्षिण कोरियात मिळालं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटरीला आग लागली आणि ९६ यंत्रणा जळून गेल्या. त्यांतली एक होती सरकारी कर्मचाऱ्यांनी आपल्या कामाच्या फाइली ठेवण्याची जी-ड्राइव्ह. तिच्यात ८५८ टेराबाइट माहिती होती आणि तिची दुसरी प्रत कुठेही नव्हती. सरकारने कारण दिलं ते या यंत्रणेच्या प्रचंड आकाराचं: एवढ्या मोठ्या साठ्याची बाहेर प्रत ठेवणं त्या रचनेत जमलं नाही. हे नीट समजून घ्यायला हवं. प्रत्येक कर्मचाऱ्याला मुबलक जागा दिली होती, सगळं तिथेच ठेवा असं सांगितलं होतं, आणि त्या मुबलकतेमुळेच महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं एकाच ढिगात जळालं. साठवणूक स्वस्त असते ती एका प्रतीपुरती. सुरक्षित ठेवायचं तर दोन-तीन प्रती हव्यात, त्यांतली एक वेगळ्या शहरात, वेगळ्या कंपनीकडे आणि मुख्य यंत्रणेपासून तोडलेली हवी, आणि ती उघडते का हे अधूनमधून पाहायला हवं. एवढं सगळं छोट्या ढिगाचं होऊ शकतं, डोंगराचं होत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं उदाहरण याच्या उलट बाजूचं. मे २०२४ मध्ये गूगल क्लाउडच्या बाजूने झालेल्या एका चुकीच्या मांडणीमुळे या फंडाचं क्लाउडवरचं खातंच पुसलं गेलं. सहा लाखांहून अधिक सभासदांना साधारण आठवडाभर आपली खाती पाहता आली नाहीत. फंड वाचला, कारण त्याने दुसऱ्या कंपनीकडे वेगळी प्रत ठेवली होती. आपल्याकडचा याहून जुना दाखला जेएनपीटीचा, म्हणजे न्हावा-शेवा बंदराचा. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला, मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक बंद पडले आणि न्हावा-शेवाच्या तिच्या टर्मिनलवर कंटेनरची ये-जा अडली. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. तिच्या जाळ्याचा नकाशा ज्या सर्व्हरांवर होता त्यांच्या सगळ्या प्रती एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे एकाच वेळी गेल्या. घानातली एक प्रत तेवढी वाचली, कारण त्या वेळी तिथे वीज गेली होती. जगातली एवढी मोठी कंपनी एका वीज खंडित होण्याच्या जोरावर पुन्हा उभी राहिली. प्रती किती होत्या यापेक्षा वेगळी ठेवलेली प्रत होती का, हे महत्त्वाचं ठरलं.

काही जण यावरून क्लाउडच नको असं म्हणतात. सर्व्हर आपल्या ऑफिसात, किल्ली आपल्या खिशात. अमेरिकेतल्या ३७सिग्नल्स या सॉफ्टवेअर कंपनीने खरोखरच क्लाउड सोडलं. २०२२ साली तिचं क्लाउडचं बिल ३२ लाख डॉलरच्या घरात होतं, आणि स्वतःची यंत्रं घेणं तिला स्वस्त पडलं. पण त्या कंपनीकडे यंत्रं सांभाळणारे तज्ज्ञ पगारावर आहेत, कामाचा भार ठरावीक आहे. वाशीच्या मार्केटातल्या गाळेवाल्याकडे यातलं काही नसतं. त्याचा सर्व्हर म्हणजे माळ्यावर, मिरचीच्या धुळीत, यूपीएसच्या जोरावर चालणारा एक संगणक. आणि किल्ली आपल्या खिशात असली म्हणजे माल सुरक्षित, असंही नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत मालवेअर शिरलं आणि २८ देशांतल्या एटीएममधून व इतर मार्गांनी ९४ कोटींहून जास्त रक्कम काढली गेली. दुसरीकडे, ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, तेव्हा तिची सेवा घेणाऱ्या सुमारे ३०० छोट्या बँका पैशांच्या देशव्यापी जाळ्यापासून काही काळ तोडाव्या लागल्या. जवळ ठेवलं तर आपली चूक अंगावर येते, भाड्याने ठेवलं तर दुसऱ्याची. छोट्या व्यवसायाने भाड्याने ठेवणंच बरं असं माझं मत आहे, पण भाड्याबरोबर जबाबदारी जात नाही, हे करारात स्पष्ट लिहिलेलं असतं आणि ते बहुतेक जण वाचत नाहीत. इमारत, वीज, यंत्रं कंपनीची. पासवर्ड कुणाकडे, कोणती फाइल कुणाला दिसते, प्रत कुठे ठेवली, हे ग्राहकाचं.

कायद्याचं काय, हा पुढचा आक्षेप. सरकारच सगळं जपून ठेवायला सांगतं ना? सांगतं, पण सगळं नाही. जीएसटीच्या नोंदी त्या वर्षाचं वार्षिक विवरण भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवायच्या. कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं, आणि ती संगणकावर असतील तर त्यांची रोजची प्रत भारतातल्या सर्व्हरवर. या याद्यांत बिलं आहेत, खाती आहेत, विवरणं आहेत. मिरचीचे फोटो नाहीत, गुड मॉर्निंगचे मेसेज नाहीत, नोकरी सोडून गेलेल्या हिशेबनिसाच्या लॅपटॉपची पूर्ण नक्कल नाही. उलट दुसरा कायदा आता टाकायला सांगतो. २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे ज्या कामासाठी एखाद्याची माहिती घेतली ते काम संपलं आणि दुसऱ्या कायद्याने ती ठेवणं बंधनकारक नसेल, तर ती पुसावी लागते. ती सांभाळण्याची पुरेशी व्यवस्था केली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली. म्हणजे ग्राहकाचा फोन नंबर, पत्ता, आधारची प्रत ही आजवर कपाटातली फुकटची वस्तू होती. यापुढे ती जोखीम आहे.

सगळ्यांत नवा आक्षेप कृत्रिम बुद्धिमत्तेचा. आज जे निरुपयोगी वाटतं त्यातून उद्या यंत्र काहीतरी काढून देईल, म्हणून काही टाकू नका, असं सॉफ्टवेअर विकणारे सांगतात. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत यात तथ्य आहे. यूपीआयवर ऑगस्ट २०२३ मध्ये पहिल्यांदा महिन्याला १,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. एवढ्या व्यवहारांतून फसवणुकीची लक्षणं शोधायला यंत्र लागतंच, आणि त्याला भरपूर माहिती लागते. गाळेवाला मात्र स्वतःचं यंत्र शिकवत नसतो. तो तयार यंत्राला आपल्या नोंदी दाखवून प्रश्न विचारतो. त्या नोंदींत एकाच ग्राहकाचं नाव तीन स्पेलिंगांनी असेल, परत गेलेला माल विक्रीतच मोजलेला असेल, तीच मिरची एकीकडे किलोत आणि दुसरीकडे पोत्यांत असेल, तर यंत्र अत्यंत आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर देतं. पूर्वी दिवाणजी रोजची कीर्द लिहायचा, तिच्यावरून खतावणी उतरवायचा, आणि खतावणीवरून ताळेबंद. प्रत्येक पायरीला माहिती कमी होत जायची आणि तिचा अर्थ वाढत जायचा; उतरवताना चूकही सापडायची. आज कीर्द आपोआप लिहिली जाते, दहा ठिकाणी लिहिली जाते, आणि खतावणीची पायरी मात्र पुष्कळ ठिकाणी गळून गेली आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता ती पायरी वेगाने करू शकेल. ती पायरीच नसेल तर या बुद्धिमत्तेचा उपयोग नाही.

शिवाय या बुद्धिमत्तेची किंमत इथल्याच पट्ट्यात मोजली जाते. नेहमीच्या सर्व्हरचं एक कपाट साधारण ५ ते १० किलोवॉट वीज घेतं. एनव्हिडियाच्या ७२ चिपांच्या नव्या कपाटाला सुमारे १२० किलोवॉट लागते, म्हणजे घरातले दीड टनाचे साठ-सत्तर एसी एकदम चालवावेत इतकी. मार्च २०२४ मध्ये पनवेलच्या योट्टात एनव्हिडियाच्या सुमारे ४,००० चिपांची पहिली खेप उतरली. ती याआधीच्या पिढीची होती, आणि पुढच्या पिढ्या आणखी भुकेल्या आहेत. कोकणच्या दमट हवेत ही उष्णता बाहेर काढायला वीजही लागते आणि पुष्कळ ठिकाणी पाणीही. नवी मुंबई पालिकेने कोपरखैरणे आणि ऐरोलीला सांडपाणी शुद्ध करून उद्योगांना देण्याची सोय केली ही चांगली गोष्ट आहे. शहराला पाणी देणाऱ्या मोरबे धरणाचं पाणी घरांसाठीच राहिलं पाहिजे. पण डेटा सेंटरांनी किती वीज आणि किती पाणी घेतलं हे प्रत्येक केंद्राने दर वर्षी जाहीर करावं, अशी मागणी नवी मुंबईकरांनी करायला हवी. ज्या फाइली कोणी कधीच उघडणार नाही, त्यांच्याही चकत्या इथल्याच विजेवर फिरत राहतात.

खरा अवघड आक्षेप वेगळा आहे, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. आज निरुपयोगी काय हे ठरवणारे आपण कोण? पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर म्हणजे हजारो रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद. त्यांत राजकारणाची पत्रं आहेत तशीच धान्याची, गुराढोरांची, रोजमुऱ्याची फुटकळ हिशेबपत्रंही आहेत. लिहिणाऱ्या कारकुनाला ती इतिहास वाटली नसणार. कुणी त्या काळी निवड करून ती जाळली असती, तर अठराव्या शतकातल्या सामान्य माणसाचं जगणं आपल्याला कळलं नसतं. हे मान्य करूनही दोन गोष्टी सांगाव्या लागतील. ते कागद ढिगात नव्हते, रुमालांत लावून बांधलेले होते. त्यामुळेच पुढे गोविंद सखाराम सरदेसाई यांना १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडून ४५ खंड छापता आले, आणि निवड झाल्यावरच ते दफ्तर अभ्यासकांच्या मोठ्या वर्गापर्यंत गेलं. दुसरं, राज्याचं दफ्तर जपणं हे राज्याचं काम आहे. शंभर वर्षांनंतरच्या संशोधकासाठी आजच्या ग्राहकाचं आधार कार्ड गाळ्यातल्या मोबाइलमध्ये ठेवणं हे इतिहासाचं रक्षण नाही. तरीही जुने करार, भावाच्या वह्या, पेढीचा पत्रव्यवहार असं काही असेल तर ते पुसू नये, एखाद्या संग्रहालयाला किंवा विद्यापीठाला विचारावं. शंका असेल तिथे ठेवण्याच्या बाजूने झुकायला माझी हरकत नाही. अडचण आहे ती शंकाही न घेता ठेवलेल्या डोंगराची.

आणि वेळ कुणाला आहे? एकेक फाइल उघडून बघायची तर माणसाचा पगार साठवणुकीच्या भाड्याहून किती तरी जास्त होईल. हे खरं आहे, म्हणून एकेक फाइल बघायचीच नाही. गाळ्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप नव्या चित्रणाखाली पुसलं जातं आणि कुणालाही त्यात नुकसान वाटत नाही, कारण तो नियम कॅमेरा बसवतानाच ठरलेला असतो. क्लाउडवरही अमुक फोल्डरमधलं नव्वद दिवसांनी पुसा, तमुक आठ वर्षं ठेवा असे नियम लावता येतात. ती सोय बहुतेक ठिकाणी आधीच असते, कुणी वापरत नाही इतकंच. वापरली जात नाही कारण ते काम कुणाचंच नाही. हिशेबनीस आठवड्यातून दोनदा येतो, सॉफ्टवेअरवाला बिघाड झाला की येतो, मालक भावात गुंतलेला. मालकाने हे काम एका माणसाकडे नाव घेऊन सोपवावं आणि त्याला पुसण्याचा अधिकार द्यावा. अधिकार नसेल तर तो भीतीपोटी सगळं ठेवील. त्याने महिन्यातून एकदा बाहेर ठेवलेली प्रत उघडून पाहावी, त्यातलं एखादं बिल छापून पाहावं. आणि सुरुवात कुठून करायची असं त्याने विचारलं, तर कॉम्प्युटरच्या आधी दुकानातले मोबाइल घ्यायला सांगावं. उधारीसाठी, डिलिव्हरीसाठी, भाडेकरारासाठी गेल्या काही वर्षांत व्हॉट्सअॅपवर मागवलेल्या आधार आणि पॅन कार्डांचे फोटो त्या मोबाइलच्या गॅलरीत, लग्नाच्या फोटोंच्या मध्ये, अजून तसेच पडलेले असतात, आणि त्यांची नक्कल रोज रात्री आपोआप क्लाउडवर चढत असते.